जलपरीचा हिशेब

पाण्यात सूर मारून वर यायचे आणि तरीही केस जागच्या जागी, ओठांवरचे हसू जसेच्या तसे! जमेल का हो कुणाला? आपण साधी आंघोळ करून आलो तरी कुंकू फिसकटते आणि अंबाडा सुटतो. पण हॉलिवूडच्या एस्थर विल्यम्सला ते जमत असे. त्यात जादू नव्हती, बरं का! बेबी ऑइल आणि व्हॅसलीन कोमट करून केसांना चोपडायचे, वर पिना घट्ट खोचायच्या आणि पाण्याखाली डोळे उघडे ठेवून हसायचे. हे हसू किती महागाचे होते, ते आता सांगते.

एस्थरचा जन्म 8 ऑगस्ट 1921 चा, कॅलिफोर्नियातला. पाच भावंडांत ही धाकटी. वडील पाट्या रंगवीत. घरची स्थिती बेताचीच. पोहण्याच्या तलावावर जायला पैसे लागत. ते नसत, म्हणून ही मुलगी तिथले टॉवेल मोजून देई आणि त्या बदल्यात पोहून घेई. तलावावरच्या जीवरक्षकांनी तिला 'हे पुरुषांचे काम' समजले जाणारे पोहण्याचे प्रकारही शिकवले. 1939 साली तिने 100 मीटरची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढचे पाऊल ऑलिंपिकचे! पण दुसरे महायुद्ध पेटले आणि 1940 चे ऑलिंपिक रद्दच झाले. ज्या वयात पदक मिळायचे, त्या वयात एस्थर एका मोठ्या दुकानात नोकरी करीत होती.

तिथून तिला 'ॲक्वाकेड' या पाण्यावरच्या खेळात बोलावणे आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या 1940 च्या प्रदर्शनात हा खेळ चाले आणि तिचा जोडीदार होता जॉनी वाइसम्यूलर, म्हणजे पडद्यावरचा टारझन. हौशी खेळाडू आता पगारी झाली. तिथेच एम. जी. एम. कंपनीची नजर तिच्यावर गेली आणि 1941 मध्ये करार झाला. करारात तिने काय अट घातली असेल? पहिले नऊ महिने मला कॅमेऱ्यापुढे उभे करायचे नाही. आधी अभिनय, गाणे आणि नाच शिकू द्या! आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे या पोरीला विशीतच नेमके ठाऊक होते.

'बेदिंग ब्यूटी' (1944) आला आणि एस्थरचे नाव घरोघरी गेले. 'नेपच्यून्स डॉटर', 'डेंजरस व्हेन वेट' असे एकामागून एक चित्रपट आले. कंपनीने चित्रीकरणासाठी खास तलाव बांधला. पण ज्या शरीरावर हा डोलारा उभा होता, त्याचे काय झाले? कानाचे पडदे अनेकदा फाटले. 'मिलियन डॉलर मर्मेड' (1952) मध्ये डोक्यावर धातूचा मुकुट घालून तिने उंचावरून उडी मारली. मुकुट पाण्यावर आपटला आणि मानेचे तीन मणके मोडले. सहा महिने ती प्लास्टरमध्ये होती. 'ईझी टु लव्ह' (1953) च्या वेळी तर पोटात तिसरे मूल असताना ती पाण्यावरून स्की करीत होती.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. एवढ्या कष्टाचा पैसा गेला कुठे?

दुसरा नवरा बेन गेज हा गायक आणि निवेदक. कमावती एस्थर, आणि व्यवहार पाहणारा बेन. सकाळी मेकअप, दिवसभर पाण्यात, संध्याकाळी मुले. कागद वाचायला वेळ कुणाला? 1999 साली लिहिलेल्या आत्मचरित्रात ती सांगते, की दारू, जुगार आणि फसलेले धंदे यांत तिची कमाई वाहून गेली, आणि कळले तेव्हा सरकारी कराचे मोठे देणे डोक्यावर उभे होते. 1956 मध्ये तिने एम. जी. एम. सोडले आणि 1959 मध्ये घटस्फोट झाला. पदरी तीन मुले होती. ऑलिंपिक हुकले ते युद्धामुळे, त्याला तिचा इलाज नव्हता. पण हे नुकसान घरातच, तिच्या सहीच्या कागदांवरून झाले होते.

यातून ती शहाणी झाली असे म्हणावे, तर 1969 मध्ये अभिनेता फर्नांडो लामास याच्याशी लग्न करताना तिने त्याची भलतीच अट मान्य केली. 'एस्थर विल्यम्स' असणे सोडून द्यायचे! मुलांनीही त्या घरात राहायचे नाही. 1982 मध्ये लामास वारला, तोवर तिने ती पाळली. तुम्ही म्हणाल, एवढी धीट बाई, आणि असे कसे केले? पाण्यात धीट असणारी बाई घरातही धीट असेलच असे नाही. हे तुम्हाआम्हाला का नवीन आहे?

पण गोष्ट इथे संपत नाही. 1984 साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये संगीताच्या तालावरचे जलनृत्य पहिल्यांदा खेळ म्हणून आले. त्याची आवड लोकांना लागली ती बऱ्याच अंशी एस्थरच्या चित्रपटांमुळेच. त्या स्पर्धांवर दूरदर्शनवर बोलायला तिलाच बोलावले होते. ज्या ऑलिंपिकला ती 1940 मध्ये मुकली, तिथे ती वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पोचली. पोहण्याच्या तलावांना आणि पोशाखांना तिचे नाव होतेच. आता त्या नावावर ती स्वतः उभी राहिली. 6 जून 2013 रोजी, एक्क्याण्णव्या वर्षी ती गेली.

आपल्यापैकी कुणी सिनेमात जाणार नाही, हे खरे. पण शाळेत शिकवणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, डबे पोचवणाऱ्या कितीजणी महिन्याचा पैसा घरात देतात आणि पुढे काय झाले ते विचारत नाहीत! विचारले तर भांडण होईल, अशी भीती वाटते. म्हणून या आठवड्यात एवढे करा. बँकेचे पासबुक, विम्याची पॉलिसी, कर भरल्याच्या पावत्या आणि घराची कागदपत्रे एका ठिकाणी काढून ठेवा. कोणते खाते कुणाच्या नावावर आहे, कर्ज किती आहे आणि कुठल्या कागदावर आपली सही आहे, ते एका वहीत लिहा. समजले नाही ते विचारा. आणि यापुढे कुणी कागद पुढे केला, तर गॅस बंद करा, हात पुसा आणि आधी वाचा. सही नंतर.