नायजेरियातील राजकीय लोकचर्चा

पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया ह्या संघराज्यात राष्ट्रीय राजकारण, राज्यकर्त्यांची योग्यायोग्यता आणि सत्ता व संपत्ती ह्यांचे वाटप ह्या विषयांवर सामान्य नागरिक परस्परांत जो उघड वादविवाद करतात, त्यास स्थूलमानाने राजकीय लोकचर्चा म्हणता येईल. विधिमंडळ, राजकीय पक्ष इ. औपचारिक व्यासपीठांहून ती वेगळी असून बाजार, केशकर्तनालये, बसगाड्या, ताडीची दुकाने, वृत्तपत्रविक्रेत्यांच्या फळ्या आणि नभोवाणीवरील श्रोत्यांचे कार्यक्रम ही तिची प्रमुख स्थाने होत. १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या पहिल्या ३९ वर्षांपैकी सु. २९ वर्षे तेथे लष्करी राजवट होती. ह्या काळात बहुतांशी संसद अस्तित्वात नव्हती व राजकीय पक्षांवर बंदी होती. तथापि लोकांचे बोलणे थांबले नाही. त्यामुळे प्रातिनिधिक संस्थांच्या अभावी राज्यकर्त्यांना जाब विचारण्याची प्रथा जिवंत ठेवण्याचे कार्य ह्या चर्चेने केले, असे म्हणता येते.

पार्श्वभूमी : ब्रिटिशांनी १९१४ मध्ये उत्तर व दक्षिण नायजेरियाचे प्रशासकीय एकीकरण करून हा देश घडविला. उत्तरेत हौसा व फुलानी, नैर्ऋत्येस योरुबा आणि आग्नेयीस इग्बो (इबो) हे मोठे समाज असून, त्यांखेरीज शेकडो लहान भाषिक गट आहेत. उत्तरेत इस्लामचे, आग्नेयीस ख्रिस्ती धर्माचे प्राबल्य आहे, तर योरुबा समाजात दोन्ही धर्मांचे अनुयायी मोठ्या संख्येने आढळतात. राजभाषा इंग्रजी असली, तरी निरनिराळ्या समाजांतील सामान्य माणसे एकत्र आली म्हणजे त्यांचे संभाषण बहुधा पिजिन इंग्रजीत चालते. ही मिश्रभाषा कोणत्याही एका समाजाची नसल्यामुळे तीत बोलताना कोणास उणेपणा वाटत नाही.

वसाहतपूर्व काळात ह्या समाजांच्या राज्यपद्धती भिन्न होत्या. बहुतेक इग्बो प्रदेशात राजा नव्हता. गावाच्या सभेत प्रौढ पुरुषांना बोलण्याची मुभा असे. सर्वांचे ऐकून घेतल्यावर वडीलधारी मंडळी बाजूस जाऊन विचारविनिमय करीत व त्यांच्यापैकी एकजण निर्णय सांगे. सभेस तो अमान्य झाल्यास चर्चा पुन्हा सुरू होई. योरुबांच्या ओयो राज्यात राजा होता. परंतु त्याच्या मंत्रिमंडळास तो नकोसा झाल्यास रिकामा भोपळा अथवा पोपटाची अंडी पाठवून त्यास आत्मघात करण्याची सूचना देता येई. उत्तरेत १८०४ मध्ये सुरू झालेल्या उस्मान दान फोदिओच्या धर्मयुद्धानंतर अमीरांची श्रेणीबद्ध सत्ता दृढ झाली. तेथे जाहीर टीकेस वाव कमी होता. मात्र राज्यकर्त्याने न्यायाने वागावे ही धार्मिक अपेक्षा टीकेचा आधार ठरे. राजकीय वादाच्या तीन वेगवेगळ्या सवयी अशा रीतीने एकाच राष्ट्रात आल्या.

वसाहतकाल : नायजेरियातील पहिले वृत्तपत्र ईवे इरोहिन हे हेन्री टाउनझेंड ह्या मिशनऱ्याने १८५९ मध्ये आबेओकुटा येथे योरुबा भाषेत काढले. पुढे लागोस शहरात आफ्रिकी मालकीची वृत्तपत्रे निघाली. न्नाम्दी आझिकिवे ह्यांचे वेस्ट आफ्रिकन पायलट (१९३७) आणि ओबाफेमी आवोलोवो ह्यांचे नायजेरियन ट्रिब्यून (१९४९) ह्यांनी वसाहत सरकारवरील टीका सुशिक्षितांच्या वर्तुळाबाहेर नेली. उत्तरेत १९३९ मध्ये निघालेले गास्किया ता फी क्वाबो हे हौसा पत्र सरकारी आश्रयाने सुरू झाले. तथापि हौसा भाषेतील सार्वजनिक लेखनास त्यामुळे चालना मिळाली. १९५० मध्ये कानो येथे स्थापन झालेल्या एका पुरोगामी पक्षाचे नेते अमिनू कानो ह्यांनी ‘तलाकावा’ म्हणजे रयतेच्या प्रश्नांवर हौसातून प्रचार केला व अमीरांच्या सत्तेस आव्हान दिले.

ह्या काळात स्त्रियांनी बजावलेली भूमिका विशेष उल्लेखनीय आहे. अन्याय करणाऱ्या पुरुषाच्या घरापुढे जमून, गाण्यांतून त्याचे दोष मोजून दाखविण्याची इग्बो स्त्रियांची जुनी रीत होती. स्त्रियांवर कर बसणार, ह्या आशंकेने १९२९ मध्ये आग्नेय भागातील हजारो स्त्रियांनी हीच रीत ब्रिटिशांनी नेमलेल्या मुखियांविरुद्ध वापरली. गोळीबारात पन्नासाहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या; परंतु मुखियांची ती व्यवस्था पुढे सरकारला बदलावी लागली. आबेओकुटा येथे फुनमिलायो रॅन्सम-कुटी ह्यांच्या नेतृत्वाखाली बाजारातील स्त्रियांनी केलेल्या आंदोलनामुळे तेथील राजास १९४९ मध्ये काही काळ पदत्याग करावा लागला.

चर्चेची स्थाने : शहरांतील वृत्तपत्रविक्रेत्याची फळी हे सर्वांत परिचित स्थान होय. सकाळी फळीवर मांडलेल्या अंकांचे मथळे वाचण्यासाठी लोक गोळा होतात. त्यांपैकी बहुतेक जण अंक विकत घेत नाहीत. म्हणून त्यांना विनोदाने ‘फुकट वाचकांचा संघ’ असे म्हणतात. एका मथळ्यावरून वादास तोंड फुटते आणि शिपाई, मोटारचालक, बेकार पदवीधर, सेवानिवृत्त शिक्षक असे परस्परांना अपरिचित लोक त्यात भाग घेतात. येथे अध्यक्ष नसतो. ज्याची स्मरणशक्ती व वाक्‌चातुर्य अधिक, त्याचे ऐकले जाते.

उत्तरेतील नगरांत संध्याकाळी घरासमोर, झाडाखाली अथवा दुकानाच्या कट्ट्यावर भरणाऱ्या पुरुषांच्या बैठकीस ‘मजलिसा’ म्हणतात. विधिमंडळासही हौसात हाच शब्द आहे. तो मूळ अरबी असून मराठीतील ‘मजलस’ हा शब्द त्याच मुळापासून आला आहे. अशा बैठकीत नभोवाणीसंचास मानाचे स्थान असते. ब्रिटिश नभोवाणी निगमाची (बी. बी. सी.) हौसा सेवा १९५७ मध्ये सुरू झाली. देशातील नभोवाणी सरकारच्या ताब्यात असताना देशातीलच घडामोडी परदेशी केंद्रावरून ऐकून त्यांवर चर्चा करण्याची सवय त्यामुळे रुजली. १९९२ मध्ये खाजगी प्रक्षेपणास परवानगी मिळाल्यानंतर श्रोत्यांनी दूरध्वनीवरून भाग घ्यावयाचे कार्यक्रम वाढले. २००७ मध्ये लागोस येथे सुरू झालेल्या वाझोबिया ह्या केंद्राने पिजिनला मुख्य भाषेचे स्थान दिले. योरुबा, हौसा व इग्बो ह्या भाषांतील ‘ये’ ह्या अर्थाचे शब्द जोडून हे नाव तयार झाले आहे. राजधानी आबुजा येथील ‘ब्रेकेटे फॅमिली’ ह्या कार्यक्रमात सामान्य माणसे आपली गाऱ्हाणी मांडतात व संबंधित अधिकाऱ्यांकडून खुलासा मागितला जातो.

दक्षिणेत ताडीची व बिअरची दुकाने, तसेच लागोसमधील ‘डानफो’ ह्या पिवळ्या बसगाड्या ही चर्चेची नित्याची ठिकाणे आहेत. गायक फेला कुटी हे रॅन्सम-कुटी ह्यांचे पुत्र. लागोसमधील आपल्या नृत्यगृहात ते गाण्यांच्या मधल्या वेळात राज्यकर्त्यांची टिंगल करीत व श्रोते त्यांस प्रत्युत्तरे देत. फेब्रुवारी १९७७ मध्ये सैनिकांनी त्यांच्या निवासस्थानावर हल्ला करून ते जाळले. त्यात झालेल्या दुखापतींनंतर त्यांच्या आईचे १९७८ मध्ये निधन झाले. इग्बो प्रदेशात शहरांत राहणाऱ्या स्त्रिया दर ऑगस्टमध्ये गावी जमून गावाच्या कारभाराचा विचार करतात. ह्या मेळाव्यास ‘ऑगस्ट सभा’ असे नाव आहे.

चर्चेचे विषय : नायजेरियातील राजकीय वाद बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरतो. पहिला प्रश्न, देशाच्या दुरवस्थेस नेते जबाबदार आहेत की व्यवस्था, हा होय. कादंबरीकार चिनुआ अचेबे ह्यांनी द ट्रबल विथ नायजेरिया (१९८३) ह्या छोट्या पुस्तकात नेतृत्वाचे अपयश हेच मूळ दुखणे असल्याचे प्रतिपादन केले. ह्याउलट राज्यघटनेची फेररचना, तेलाच्या उत्पन्नावरील घटक राज्यांचा हक्क व संघराज्याचे स्वरूप हे प्रश्न सुटल्याशिवाय चांगला नेताही निष्प्रभ ठरेल, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असते.

दुसरा प्रश्न ‘आता पाळी कोणाची’ हा होय. १९७९ च्या राज्यघटनेने शासकीय नेमणुकांत सर्व प्रदेशांचे प्रतिबिंब पडावे, असे तत्त्व स्वीकारले. राष्ट्राध्यक्षपद उत्तर व दक्षिण ह्यांत आळीपाळीने फिरावे, हा संकेत मात्र घटनेत नसून पक्षांच्या व्यवहारातून रूढ झाला आहे. राज्यशास्त्रज्ञ पीटर एके ह्यांनी १९७५ मध्ये ह्या मनोवृत्तीची मीमांसा केली. वसाहतवादामुळे आफ्रिकी नागरिक दोन सार्वजनिक क्षेत्रांत वावरतो. आपल्या समाजाच्या क्षेत्रात तो नैतिक बंधने पाळतो, पण राज्यसंस्थेच्या क्षेत्राविषयी त्यास तशी आपुलकी वाटत नाही, असे त्यांचे मत होते. भ्रष्ट नेत्याची सर्वत्र निंदा होत असताना त्याच्याच गावात त्याचा सत्कार का होतो, हे कोडे त्यामुळे काही अंशी उलगडते.

घटनेतील तांत्रिक बाबीही ह्या चर्चेस वर्ज्य नाहीत. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारास एकूण मताधिक्याबरोबरच दोनतृतीयांश घटक राज्यांत किमान २५ टक्के मते मिळवावी लागतात. १९७९ मध्ये राज्ये १९ होती. तेव्हा १९ चे दोनतृतीयांश म्हणजे १२ की १३, ह्या प्रश्नाने देश ढवळून निघाला. सर्वोच्च न्यायालयाने शेहू शगारी ह्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२३ च्या निवडणुकीनंतर राजधानीच्या प्रदेशातही २५ टक्के मते आवश्यक आहेत काय, हा वाद असाच गाजला व न्यायालयाने बोला तिनुबू ह्यांची निवड कायम केली.

शासन व लोकचर्चा : लष्करी राजवटींनी लोकचर्चेवर निर्बंध घातले, तसेच प्रसंगी तिला आवाहनही केले. १९८४ च्या चौथ्या आज्ञप्तीनुसार सरकारी अधिकाऱ्यास उपहासास पात्र ठरविणारे वृत्त छापणे गुन्हा ठरला व दोन पत्रकारांना कारावास भोगावा लागला. ऑगस्ट १९८५ मध्ये सत्तेवर आलेल्या इब्राहिम बाबांगिडा ह्यांनी ती आज्ञप्ती रद्द केली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे काय, ह्याविषयी देशव्यापी चर्चा घडवून आणली. विद्यार्थी, कामगार, व्यापारी व गृहिणी ह्यांनी तीत भाग घेतला. लोकमत बहुसंख्येने कर्जाविरुद्ध गेले व डिसेंबरमध्ये सरकारने कर्ज नाकारल्याचे जाहीर केले. तथापि १९८६ मध्ये नाणेनिधीच्या अटींशी मिळताजुळता संरचनात्मक समायोजन कार्यक्रम सरकारने अंमलात आणला. नायराचे मूल्य घसरले व महागाई वाढली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या राजकीय मंडळाकडे देशभरातून हजारो निवेदने आली. मंडळाने केलेली समाजवादाची शिफारस सरकारने फेटाळली. लोकांना बोलू देणे आणि लोकांचे ऐकणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा नायजेरियन जनतेने ह्या काळात घेतला.

१२ जून १९९३ च्या निवडणुकीत मोशूद आबिओला ह्यांना प्रतिस्पर्ध्याच्या कानो ह्या राज्यातही मताधिक्य मिळाले. जात, धर्म व प्रदेश ह्यांपलीकडे मतदार जाऊ शकतो, हे त्यामुळे दिसले. परंतु लष्कराने ही निवडणूक रद्द केली. सानी अबाचा ह्यांच्या राजवटीत (१९९३–९८) टेल, द न्यूज इ. साप्ताहिके गुप्तपणे छापली व वाटली गेली. आबिओला ह्यांचा १९९८ मध्ये स्थानबद्धतेत मृत्यू झाला. २०१९ पासून १२ जून हा लोकशाही दिन म्हणून पाळला जातो.

१९९९ मध्ये नागरी राजवट आल्यावर लोकमताचा प्रभाव काही प्रसंगी स्पष्टपणे दिसला. राष्ट्राध्यक्ष ओलुसेगून ओबासांजो ह्यांना तिसरी कारकीर्द मिळवून देऊ पाहणारी घटनादुरुस्ती मे २००६ मध्ये सेनेटने फेटाळली. दूरचित्रवाणीवरून ही चर्चा देशभर पाहिली गेली. जानेवारी २०१२ मध्ये पेट्रोलवरील अर्थसाहाय्य काढल्याने लिटरचा दर ६५ नायरांवरून सु. १४१ नायरांवर गेला. तेव्हा संप व निदर्शने झाली आणि दर ९७ नायरांवर आणावा लागला. चिबोक येथील २७६ विद्यार्थिनींच्या अपहरणानंतर (२०१४) आबुजातील एका कारंज्यापाशी नागरिक रोज जमून त्यांच्या सुटकेची मागणी करीत. २०१५ मध्ये विद्यमान राष्ट्राध्यक्ष मतपेटीद्वारे प्रथमच पराभूत झाला.

मर्यादा : ह्या चर्चेचे स्वरूप सर्वस्वी समतेचे नाही. मजलिसा व ताडीची दुकाने ही मुख्यतः पुरुषांची ठिकाणे असून, बाजारात वा सभांत स्वतंत्रपणे बोलणाऱ्या स्त्रियांना विधिमंडळात फारच अल्प स्थान मिळाले आहे. समाजासमाजांतील संशय, अफवा आणि निवडणुकीच्या काळातील पैशाचे व धान्याचे वाटप ह्यांमुळे वाद अनेकदा भरकटतो. विद्यमान घटनेच्या ३९ व्या कलमाने अभिव्यक्तिस्वातंत्र्य मान्य केले असले, तरी ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध लागोसच्या लेक्की भागात जमलेल्या तरुणांवर सैनिकांनी गोळीबार केला. जून २०२१ पासून सु. सात महिने ट्विटर ह्या समाजमाध्यमावर बंदी होती.

सर्वांत विचारात टाकणारी बाब मतदानाची आहे. २०२३ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत तरुणांचा उत्साह मोठा होता व प्रमुख तीन उमेदवारांची चर्चा घरोघर झाली. तथापि नोंदलेल्या सु. ९·३ कोटी मतदारांपैकी केवळ सु. २७ टक्क्यांनी मतदान केले. जेथे जवळजवळ प्रत्येकजण राजकारणावर बोलतो, तेथे चौघांपैकी तिघे मतदान करीत नाहीत. ह्याचे कारण केवळ उदासीनता नव्हे. हिंसेचे भय, मतदानकेंद्रांवरील गैरव्यवस्था आणि मत मोजले जाईल की नाही ही शंका, हीही त्याची कारणे आहेत. लोकचर्चेने नायजेरियात लष्करी सत्तेस नैतिक मान्यता मिळू दिली नाही, हे तिचे मोठे यश होय. फळीभोवती जमणाऱ्या नागरिकाचे मत मतपेटीपर्यंत निर्वेधपणे पोहोचावे व तेथे त्याची प्रामाणिक मोजणी व्हावी, हे कार्य अद्याप अपुरे आहे.