कोलकात्यातील वीटबांधणीची घरे : सामान्य वास्तूंचा असामान्य वारसा

वारसा म्हटला की किल्ले, मंदिरे व राजवाडे डोळ्यांसमोर येतात. तथापि शहराचा सामाजिक इतिहास सामान्य नागरिकांच्या घरांतही साठलेला असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलकात्यातील मध्यमवर्गीयांनी बांधलेल्या विटांच्या घरांच्या रांगा हे याचे ठळक उदाहरण होय. या घरांपैकी अनेकांच्या जागी आता बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत.

गंगेच्या त्रिभुज प्रदेशात दगड दुर्मीळ आणि गाळाची माती विपुल. त्यामुळे वीट हेच बंगालचे स्वाभाविक बांधकामसाहित्य ठरले. विटा जोडण्यासाठी चुना आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, यांचा गिलावा वापरला जाई. छताला लोखंडी वा लाकडी तुळयांचा आधार असे. झडपांच्या हिरव्या खिडक्या, लाल गुळगुळीत जमीन, ओतीव लोखंडाचे कठडे आणि रस्त्यालगतचा ‘रोवाक’ ही या घरांची ओळख. रोवाक म्हणजे आपल्याकडील ओटाच. गल्लीतील गप्पांचा ‘अड्डा’ तेथेच रंगे.

१९११ च्या कायद्यानुसार १९१२ मध्ये कलकत्ता सुधार न्यास स्थापन झाला. न्यासाने रुंद रस्ते आखले आणि दक्षिणेकडे नव्या वस्त्यांना वाट करून दिली. वकील, डॉक्टर, शिक्षक व सरकारी नोकरदार तेथे स्थायिक झाले. युरोपीय नक्षी आणि देशी राहणी यांचा मेळ या घरांत दिसतो. एखादे घर वेगळे काढले तर ते साधेच वाटते. संपूर्ण रांगेची समान उंची, ओटे व सज्जे यांतून मात्र वस्तीचे व्यक्तिमत्त्व घडते. म्हणूनच अशा वास्तूंचे मूल्य समूहात असते.

कायद्यातील त्रुटी नेमकी येथेच जाणवते. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायद्यानुसार स्मारक किमान १०० वर्षे जुने असावे लागते. मात्र केंद्रीय संरक्षणासाठी केवळ वय पुरेसे नसून राष्ट्रीय महत्त्वही आवश्यक असते. सामान्य घरे या कसोटीला क्वचितच उतरतात. त्यामुळे त्यांची जबाबदारी राज्य व महानगरपालिका यांच्यावर येते. पश्चिम बंगालमध्ये २००१ च्या कायद्याने वारसा आयोगाची तरतूद झाली असून कोलकाता महानगरपालिकाही वास्तूंची श्रेणीनिहाय यादी ठेवते. या यादीत एकेका वास्तूची नोंद होते. थोर व्यक्तीचे वास्तव्य किंवा नामवंत वास्तुरचना नसलेली घरे त्यामुळे सहज बाहेर राहतात. २०१५ मध्ये लेखक अमित चौधुरी यांच्या पुढाकाराने अशा घरांच्या व परिसरांच्या रक्षणासाठी मोहीम सुरू झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत स्वतंत्र वास्तूंबरोबर ‘वारसा परिसर’ ही संकल्पनाही आहे. गिरगावातील खोताची वाडी हे त्याचे परिचित उदाहरण. परिसर घोषित झाल्यास संपूर्ण वस्तीचे स्वरूप विचारात घेता येते.

परंतु केवळ बंधने घालून वारसा टिकत नाही. वाटण्या झालेल्या कुटुंबांना किंवा अल्प भाडे मिळणाऱ्या मालकांना देखभालीचा खर्च पेलत नाही. साहजिकच विकासकाचा प्रस्ताव त्यांना आकर्षक वाटतो. न वापरलेले बांधकामक्षेत्र अन्यत्र वापरण्याचा वा विकण्याचा हक्क, म्हणजेच हस्तांतरणीय विकास हक्क, तसेच मालमत्ता करातील सवलत हे त्यावरील उपाय होत. दुरुस्तीचे ज्ञानही तितकेच महत्त्वाचे आहे. चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. त्यावर सिमेंटचा थर दिल्यास ती आत कोंडते व विटा झिजतात.

संविधानाच्या अनुच्छेद ५१ क (च) नुसार आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. या वारशात घरांच्या रांगांचा समावेश करताना जतनाचा भार एकट्या घरमालकावर पडणार नाही, हे पाहणे नगरनियोजनाचे काम आहे.