पोलीसशास्त्राची पदवी: स्वरूप, उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना

पोलीस प्रशासन, गुन्हेशास्त्र, सुरक्षा व्यवस्थापन अशा नावांचे पदवी अभ्यासक्रम आता अनेक ठिकाणी सुरू झाले आहेत. वर्दीची ओढ असलेल्या मुलामुलींना ही पदवी म्हणजे पोलीस दलाचे प्रवेशपत्रच वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी या पदवीने काय मिळते व काय मिळत नाही, हे विद्यार्थी व पालकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

मुस्लिम समाजासाठी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात भारतीय पोलीस सेवेत मुस्लिमांचे प्रमाण ४ टक्के, तर समितीला मिळालेल्या आकडेवारीनुसार शिपाई पदांवर ६ टक्के नोंदले गेले. २००१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतील वाटा मात्र १३.४ टक्के होता.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

या पदवीचा गाभा कायदा हा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. १८६० ची दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता व १८७२ चा पुरावा कायदा यांची जागा त्यांनी घेतली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद नव्या संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत अमलात आणावयाची आहे. त्यामुळे या विषयाचे महत्त्व वाढले आहे.

पोलिसांच्या अधिकारांइतकाच त्यांच्या मर्यादांचाही अभ्यास येथे होतो. अटकेची कारणे सांगणे, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे (संविधान, अनुच्छेद २२) आणि डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घालून दिलेले अटकेचे नियम हे त्यातील प्रमुख घटक होत.

प्रमुख संस्था

मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग १९५९ पासून आहे. गुजरात शासनाने २००९ साली स्थापन केलेले रक्षा शक्ती विद्यापीठ २०२० च्या संसदीय कायद्याने राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी गांधीनगर येथेच राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले. त्याचे परिसर गोवा व धारवाड येथेही आहेत. वडोदरा, बेळगाव व गोव्यातील विद्यार्थ्यांना ही केंद्रे फार दूर नाहीत.

भरतीचे वास्तव

भारतीय पोलीस सेवेसाठी तसेच केंद्रीय दलांतील उपनिरीक्षक पदासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी चालते. पोलीसशास्त्राच्या पदवीधराला लेखी परीक्षेतून सूट नाही. मैदानी चाचणीही सर्वांना सारखीच आहे. केंद्रीय दलांच्या उपनिरीक्षक भरतीत पुरुषांना १.६ किलोमीटर अंतर साडेसहा मिनिटांत व महिलांना ८०० मीटर अंतर चार मिनिटांत धावावे लागते. एखादे राज्य विशिष्ट विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना काही जादा गुण देते, पण हा सार्वत्रिक नियम नव्हे. आपल्या राज्याची भरतीची जाहिरात वाचूनच निर्णय घ्यावा.

निवड न झाल्यास पुढे कायद्याची तीन वर्षांची पदवी, न्यायसहायक विज्ञानातील पदव्युत्तर शिक्षण किंवा खासगी सुरक्षा क्षेत्र हे मार्ग खुले राहतात. खासगी सुरक्षा संस्थांना २००५ च्या कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो. नोकरी स्वीकारताना तो पाहावा.

एक दक्षता

१९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा अभिमत दर्जा मिळालेल्या विद्यापीठांनाच असतो. संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाही तो असतो. ‘अकॅडमी’ नावाच्या वर्गाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या यादीत संस्थेचे नाव तपासावे.

निष्कर्ष

ही पदवी ज्ञान देते, पद देत नाही. ज्याला कायदा व तपास या विषयांची खरी आवड आहे, त्याने ती अवश्य घ्यावी. ज्या कुटुंबाला बाहेरगावचा खर्च झेपत नाही, त्यांच्या मुलामुलींनी निराश होण्याचे कारण नाही. गावच्या महाविद्यालयातील कला, वाणिज्य किंवा विज्ञानाची पदवी, स्पर्धा परीक्षेचा नियमित अभ्यास आणि रोज पहाटेचे मैदान यांनीही तेच दार उघडते. शिक्षण संस्थांनी आपल्या महाविद्यालयांत असे मार्गदर्शन वर्ग चालविल्यास ही दरी कमी होण्यास निश्चित मदत होईल.