चिखल्याचा कम्प्युटर नकाशावर का नाही?

बिटकॉइनचं नेटवर्क केवढं आहे, हे सांगायला त्याचा कोणी मालक नाही, कचेरी नाही, हजेरीपटही नाही. जानेवारी २००९ पासून रिवाज एकच: ज्याला वाटेल त्याने सॉफ्टवेअर टाकावं आणि जोडलं जावं. तरीही जगाचे रंगीत नकाशे छापून येतात, अमेरिकेत इतके टक्के, जर्मनीत इतके. हे आकडे येतात कुठून?

माझी नोकरी चिखल्याच्या मँगनीज खाणीत नमुने गोळा करण्यात गेली. जमिनीखालचा माल आधी कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. ठरलेल्या अंतरावर बोअर मारायचे, निघालेला कोर पेट्यांमध्ये ओळीने मांडायचा आणि दोन बोअरच्या मधल्या भागाचा अंदाज बांधायचा. बोअर कुठे मारला याइतकंच तो कुठे मारताच आला नाही, हेही लिहून ठेवावं लागतं. नेटवर्कचे आकडे मी याच सवयीने वाचतो.

आमचा भाचा चिखल्यात घरीच बिटकॉइनचा नोड चालवतो. नोड म्हणजे व्यवहारांची पूर्ण वही तपासणारा कम्प्युटर. ती वही आता सहाशे जीबीच्या पुढे गेली आहे. असे नोड मोजायची पद्धत विचारपूस करण्याची आहे. एका नोडला विचारायचं, ‘तुला आणखी कोणाचे पत्ते माहीत आहेत?’ एका उत्तरात हजारापर्यंत पत्ते मिळतात. मग त्या प्रत्येकाचं दार वाजवायचं, आणि जो उघडेल तोच मोजायचा. ‘बिटनोड्स’ नावाचा प्रकल्प हेच काम सतत करतो. गेल्या काही वर्षांत त्याचा आकडा साधारण दहा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान राहिला आहे.

“पन आपन त्याच्यात नाही ना जी, मामाजी,” भाचा म्हणाला. त्याचं खरं आहे. त्याचा नोड स्वतःहून दहाएक नोडना जोडून घेतो, प्रत्येक ब्लॉक, म्हणजे वहीचं प्रत्येक नवं पान, तपासतो, पण बाहेरून आलेली हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही. इंटरनेट कंपन्या पुष्कळ ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे दार वाजवणारा बाहेरच थांबतो. असे न दिसणारे नोड दिसणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असावेत, असे अंदाज आहेत. उलट, मुंबईतल्या माणसाने जर्मनीत सर्व्हर भाड्याने घेतला तर तो जर्मनीच्या खात्यात पडतो. भाच्याने पत्ता लपवणारं टोर वापरलं तर नोड मोजला जाईल, पण देशाच्या रकान्यात काहीच येणार नाही. दिसणाऱ्या नोडमध्ये आज टोरवाल्यांचा वाटा फार मोठा आहे, म्हणून देशवार नकाशा हा उरलेल्यांचाच नकाशा असतो.

नेटवर्कची ताकद मात्र कोणालाही न विचारता काढता येते. ब्लॉक शोधणं किती अवघड ठेवायचं हे नेटवर्कच ठरवतं आणि दर २,०१६ ब्लॉकनंतर बदलतं, म्हणजे सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक निघत राहतो. ती काठिण्यपातळी आणि ब्लॉक निघायला लागलेला वेळ, एवढ्यावरून जगभरातली यंत्रं मिळून सेकंदाला किती प्रयत्न करतात याचा चांगला अंदाज येतो. २०२१ च्या उन्हाळ्यात चीनने मायनिंग, म्हणजे ब्लॉक शोधण्याचं काम, बंद पाडलं तेव्हा ब्लॉक रेंगाळू लागले आणि जुलैच्या सुरुवातीला काठिण्यपातळी सुमारे २८ टक्क्यांनी उतरली. एवढी मोठी घट त्याआधी झालेली नव्हती.

पण एकूण ताकद कळली म्हणून कोणाची यंत्रं किती हे कळत नाही. महाराष्ट्रात हे प्रत्येकाला ठाऊक हवं असं मला मनापासून वाटतं. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेने मायनिंगच्या नावावर १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आश्वासन दिलं होतं, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या प्रमुखाला अटक केली. नेटवर्क जगभर पसरलेलं आहे हे खरं असलं, तरी समोरच्या एजंटकडे एक तरी यंत्र आहे की नाही, याचा तो पुरावा नाही.

यंत्रं कुठे आहेत, हे शोधण्याचं सर्वांत गंभीर काम केंब्रिज विद्यापीठाने केलं. मायनिंग पूलकडून, म्हणजे एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटांकडून, त्यांनी सभासदांच्या पत्त्यांची देशवार बेरीज घेतली. सप्टेंबर २०१९ मध्ये चीनचा वाटा पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास होता. बंदीनंतर जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये तो शून्य दिसला आणि सप्टेंबरात पुन्हा वीस टक्क्यांच्या वर गेला. यंत्रं महिनाभरात परत उभी राहिली नव्हती. लपलेली काही पुन्हा दिसू लागली होती. जर्मनी आणि आयर्लंडचे आकडे फुगलेले आहेत, मायनर तिथले पत्ते पांघरतात, हे केंब्रिजने स्वतःच नोंदवलं. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

२०२५ च्या अहवालात त्यांनी पद्धत बदलली आणि कंपन्यांनाच प्रश्नावली दिली. ४९ कंपन्यांनी उत्तरं दिली. नेटवर्कची जवळपास निम्मी ताकद त्यांच्याकडे आहे, आणि त्यातली सुमारे ७५ टक्के अमेरिकेत. हा आकडा बातम्यांमध्ये साऱ्या जगाचा म्हणून फिरतो. तो उत्तर देणाऱ्यांचा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या मायनिंग कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत, त्यांना बोलायला अडचण नाही. चीनमध्ये चोरून यंत्र चालवणारा ही प्रश्नावली भरणार नाही.