वापरलेल्या खाद्यतेलातील ऑक्सिजनचे उत्प्रेरकी निष्कासन : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

प्रस्तावना :

अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, रेल्वे स्थानकांबाहेर वडे, भजी व फरसाण तळणाऱ्या कढया दिवसभर तापत असतात. वारंवार तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून लागू केला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात अशा तेलाचा कच्चा माल म्हणून समावेश झाला. तथापि हे तेल विमानाच्या इंधनात जसेच्या तसे मिसळता येत नाही. त्याचे प्रमुख कारण तेलाच्या रेणूतील ऑक्सिजन हे होय.

ऑक्सिजनचे स्थान :

वनस्पती तेल म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्ले. अशा प्रत्येक रेणूत ऑक्सिजनचे सहा अणू असतात. ट्रायओलीनमध्ये ते वजनाच्या सुमारे ११ टक्के भरतात. या अणूंमुळे इंधनाचे उष्मांकमूल्य घटते. मिथेनॉलच्या साहाय्याने केलेल्या बायोडिझेलमध्येही एस्टरच्या प्रत्येक रेणूत दोन ऑक्सिजन अणू शिल्लक राहतात. डिझेलमध्ये ते मर्यादित प्रमाणात चालते. विमान इंधनात मात्र ते अपद्रव्यच मानले जाते. बायोडिझेल आणि ऑक्सिजनमुक्त जैवइंधन यांत अनेकदा गल्लत केली जाते, ती येथे टाळावयास हवी.

तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया मुंबईला नवी नाही. शिवडीच्या कारखान्यात १९३० च्या दशकापासून निकेलच्या साहाय्याने वनस्पती तूप तयार होत असे. तेथे हायड्रोजन केवळ दुहेरी बंधांवर थांबत असे. ऑक्सिजन जागच्या जागी राही. तो काढण्यासाठी सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमान व उच्च दाब लागतो.

हायड्रोजनचा हिशेब :

ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने काढल्यास ट्रायओलीनच्या एका रेणूस हायड्रोजनचे १५ रेणू लागतात व १८ कार्बनची साखळी अखंड राहते. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने काढल्यास ६ रेणू पुरतात, परंतु प्रत्येक साखळीतील एक कार्बन गमवावा लागतो. वरवर पाहता दुसरा मार्ग किफायतशीर वाटतो. मात्र बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे त्याच भट्टीत मिथेनमध्ये रूपांतर झाले, तर त्याच्या प्रत्येक रेणूमागे हायड्रोजनचे आणखी ४ रेणू खर्ची पडतात. संपूर्ण रूपांतर झाल्यास एकूण खर्च १८ रेणूंवर, म्हणजे पहिल्या मार्गाच्याही पुढे जातो. म्हणूनच उत्प्रेरकाची निवड हा या प्रक्रियेचा कणा आहे.

अ‍ॅल्युमिनावरील निकेल-मॉलिब्डेनम सल्फाइड हा यातील सर्वपरिचित उत्प्रेरक. माहुलसारख्या तेलशुद्धीकरण केंद्रांत डिझेलमधील गंधक काढण्यासाठी याच जातीचे उत्प्रेरक वापरतात. तेथे डिझेलमधील गंधकच उत्प्रेरकाला सल्फाइड रूपात टिकवून ठेवते. वनस्पती तेलात गंधक जवळजवळ नसतेच, शिवाय तयार होणारे पाणी उत्प्रेरकावरील गंधक हळूहळू हिरावून घेते. परिणामी गंधक काढणाऱ्या उत्प्रेरकालाच बाहेरून गंधक पुरवावे लागते. कोळशावरील पॅलेडियमला त्याची गरज नसते. पण तो धातू अतिशय महाग आहे.

यातून मिळणारे सरळ साखळीचे हायड्रोकार्बन थंडीत गोठतात. ऑक्टाडेकेन तर २८ अंशांलाच घट्ट होते. जेट ए-१ इंधनाला मात्र उणे ४७ अंशांपर्यंत गोठून चालत नाही. त्यामुळे साखळ्यांना फांद्या फोडणारी व काही अंशी त्या तोडणारी दुसरी उत्प्रेरकी पायरी अनिवार्य ठरते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने हे तंत्र विकसित केले. मोगली एरंडाच्या तेलापासून तेथे बनविलेले इंधन मिसळून २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडून-दिल्ली असे विमान उडाले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असे इंधन २०२७ मध्ये १ टक्का, तर २०३० मध्ये ५ टक्के मिसळण्याचे लक्ष्य केंद्र शासनाने ठेवले आहे. सहारच्या विमानतळालाही ते लागू पडेल.

उपनगरातील तेलाची अडचण :

तळणीच्या तेलात मीठ, पिठाचे कण, पाणी व मुक्त मेदाम्ले असतात. सोडियम व फॉस्फरस उत्प्रेरकाची छिद्रे बुजवितात, क्लोराइड व आम्ले पोलादाला खातात. म्हणून गाळणे, धुणे व वाळविणे ही कामे भट्टीपूर्वीच करावी लागतात. मोठ्या उपाहारगृहांचे तेल पिंपात साठते व एकगठ्ठा उचलता येते. हातगाडीवर मात्र उरलेल्या तेलातच दुसऱ्या दिवशी नवे तेल ओतले जाते. उत्प्रेरकापर्यंत पोहोचण्याजोगे तेल तेथे मागे उरतच नाही.