चिलापीच्या तळ्यात तळाला कोणता मासा सोडावा?

चिलापी (तिलापिया) आपण सोडली नाही तरी ओढ्याच्या पाण्याबरोबर शेततळ्यात शिरते. आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ साली आणला. शहरात काचेच्या टाकीत पाळतात ते सिक्लिड मासे याच्याच भावकीतले.

नर तळाच्या मातीत खड्डा करून तो राखतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिलं भराभर वाढतात. पुढं तळं माशांनी भरतं, पण बाजारात जाईल असा एकही नसतो. तेव्हा तळाचा सोबती नीट निवडा.

१. मृगळ बरा. तो तळाचा कुजका पालापाचोळा खातो, भांडत नाही. सायप्रिनसही तळाचाच, पण तो गाळ उकरतो, मातीचा बांध पोखरतो.

२. बोटुकली १० सेंटीमीटरच्या आसपास घ्या. बारीक बीज चिलापी खाऊन टाकते.

३. 'चिलापी खाईल' म्हणून आफ्रिकी मांगूर सोडू नका. तो सगळेच मासे खातो, आणि त्यावर बंदी आहे.

३० बाय ३० मीटरच्या तळ्याला ५०० बोटुकली पुरे: कटला २००, रोहू १५०, मृगळ १५०. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गाळ नसतो, मृगळ उपाशी राहील. त्याला पेंड आणि भाताचा कोंडा समभाग द्या.

पाणी घेताना पाइपाला बारीक जाळी बांधा. आपल्या धाराशिवकडं उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उतरतं. ते कमरेखाली जायच्या आत मासे काढून विका, नाहीतर वर्षाची मेहनत चिखलात जाईल.