सीताफळ रोपवाटिकेचा विस्तार : अनुदानाचा अर्ज करण्यापूर्वी

बालाघाटच्या डोंगररांगांत सीताफळ हे कोणी मुद्दाम लावलेले पीक नव्हे. बीड, पाटोदा, धारूर, अंबाजोगाई या भागातील माळरानावर आणि बांधावर ते पिढ्यान्‌पिढ्या आपोआप वाढत आले आहे. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि या फळाकडे व्यापारी दृष्टीने पाहिले जाऊ लागले. हलक्या जमिनीत व कमी पाण्यावर येणारे फळझाड म्हणून कोरडवाहू शेतकरी आता सीताफळाची सलग लागवड करू लागले आहेत. साहजिकच चांगल्या कलमांना मागणी वाढली आहे.

मांजरसुंबा हे गाव या दृष्टीने मोक्याच्या ठिकाणी आहे. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना मिळतात. चारही दिशांचा शेतकरी येथून जात-येत असल्याने कलमांच्या विक्रीसाठी वेगळी धावपळ करावी लागत नाही. परिसरात पाच-दहा हजार रोपे तयार करणाऱ्या शेतकऱ्यांना आपली रोपवाटिका वाढवावी आणि त्यासाठी शासनाचे अनुदान घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बहुतेकांचा विचार शेडनेटपासून सुरू होतो. प्रत्यक्षात रोपवाटिकेचा प्रस्ताव उभा राहतो तो मातृवृक्ष, परवाना, पाणी आणि बँक या चार गोष्टींवर. या चारांची जुळणी आधी झाली नसेल, तर मंजूर झालेले अनुदानही अडचणीचे ठरू शकते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी कोणती तयारी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

कोणत्या योजनेत अर्ज करावा?

फळझाडांच्या रोपवाटिकेसाठी मुख्य योजना म्हणजे एकात्मिक फलोत्पादन विकास अभियान. २००५-०६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २०१४-१५ पासून याच अभियानाचा भाग झाले. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाजगी रोपवाटिकेसाठी पुढील तीन बाबी होत्या.

१) छोटी रोपवाटिका (१ हेक्टर) : खर्चाची मर्यादा १५ लाख रुपये, अनुदान ५० टक्के म्हणजे जास्तीत जास्त साडेसात लाख रुपये. वर्षाला किमान २५,००० रोपे तयार होणे अपेक्षित.

२) हायटेक रोपवाटिका (४ हेक्टरपर्यंत) : खर्चाची मर्यादा हेक्टरी २५ लाख रुपये, अनुदान ४० टक्के. वर्षाला हेक्टरी किमान ५०,००० रोपे अपेक्षित.

३) जुन्या रोपवाटिकेचा दर्जा मानांकनाच्या पातळीवर आणणे : ४ हेक्टरच्या रोपवाटिकेस १० लाख रुपये खर्चाच्या मर्यादेत ५० टक्के.

या सूचना २०२५ मध्ये सुधारण्यात आल्या आहेत. त्यामुळे वरील आकडे केवळ योजनेची रचना समजण्यासाठी वापरावेत आणि प्रस्ताव तयार करताना चालू वर्षाचे दर तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावेत.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. २०२० मध्ये सुरू झालेली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना ही भाजीपाल्याच्या रोपांसाठी आहे. नावावरून गैरसमज करून फळझाडांच्या कलमांसाठी तिच्यात अर्ज करू नये. वनशेतीची झाडे तयार करावयाची असल्यास कृषी वनीकरण योजनेची चौकशी करावी. २०२३ मध्ये तिची फेररचना होऊन दर्जेदार रोपांच्या निर्मितीवर भर देण्यात आला आहे.

मातृवृक्ष आधी, अर्ज नंतर

डोंगरातील सीताफळाची झाडे बियांपासून उगवलेली असतात. त्यामुळे दोन झाडांची फळे आकार, गर आणि बियांची संख्या या बाबतीत सारखी नसतात. कलम करण्याचा उद्देशच मुळी निवडक झाडाचे गुण जसेच्या तसे पुढे नेणे हा आहे. काडी चुकीच्या झाडाची असेल तर ती चूक रोपवाटिकेत दिसत नाही. ती दिसते तीन-चार वर्षांनी, ग्राहकाच्या शेतात फळे लागल्यावर. तोपर्यंत त्या शेतकऱ्याचा खड्डा, खत, ठिबक आणि वर्षे खर्ची पडलेली असतात. रोपवाटिकाधारकाची अब्रू या एका काडीवर अवलंबून असते.

म्हणून मातृबाग ही खात्रीशीर वाणाची आणि स्वतःच्या ताब्यातील असावी. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राने धारूर-६ हा वाण निवड पद्धतीने विकसित केला आहे. बाळानगर हा वाणही महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर लावला जातो. मातृवृक्षांसाठी कलमे शक्यतो विद्यापीठाकडूनच घ्यावीत आणि त्यांची पावती जपून ठेवावी. पुढे तपासणीच्या वेळी हीच पावती वाणाच्या शुद्धतेचा पुरावा ठरते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये नोंदणी झालेल्या खाजगी वाणाची कलमे विक्रीसाठी बांधावयाची असल्यास वाणधारकाची परवानगी घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

मातृवृक्ष किती लागतील याचा हिशोब उदाहरणाने पाहू. वर्षाला २५,००० विक्रीयोग्य कलमे हवी आहेत आणि कलमे ७० टक्के यशस्वी होतात असे धरल्यास सुमारे ३६,००० खुंटरोपे व तेवढ्याच काड्या लागतील. बियांची उगवण ६० टक्के धरल्यास ६०,००० बिया पेराव्या लागतील. एका मातृवृक्षापासून १०० चांगल्या काड्या मिळतात असे मानले तर ३६० झाडे हवीत. ५ × ५ मीटर अंतरावर हेक्टरी ४०० झाडे बसतात. म्हणजे एक हेक्टरच्या रोपवाटिकेला जवळजवळ तेवढ्याच क्षेत्राची मातृबाग लागते. आपल्या झाडांवर प्रत्यक्ष किती काड्या निघतात हे मोजून हा हिशोब स्वतः मांडावा.

नवीन लावलेल्या कलमांपासून पुरेशा काड्या मिळण्यास साधारण तीन वर्षे लागतात. ज्यांच्याकडे मातृवृक्ष नाहीत त्यांनी या वर्षी अर्ज करण्याची घाई न करता मातृबाग लावावी. बाहेरून काड्या विकत आणून उद्दिष्ट पूर्ण करण्याच्या भरवशावर प्रस्ताव करू नये.

परवाना आणि नोंदवह्या

महाराष्ट्रात फळरोपवाटिकांचे नियमन करणारा १९६९ चा कायदा लागू आहे. फळझाडांची रोपे विकण्यासाठी कृषी विभागाचा परवाना आवश्यक असतो. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली तेव्हापासून राज्यात कलमांची मागणी एकदम वाढली आणि परवान्याचे महत्त्वही वाढले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतही कलमे शासकीय, विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावयाची असतात. म्हणजे परवाना नसेल तर अनुदान जाईलच, शिवाय अनुदानावर बाग लावणारा मोठा ग्राहकही जाईल.

परवानाधारकाने पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१) मातृवृक्षांचा नकाशा व प्रत्येक झाडास क्रमांक.
२) खुंटरोपांचे बी कोठून आणले, काडी कोणत्या क्रमांकाच्या झाडाची, कलम कोणत्या तारखेस केले याची नोंदवही.
३) विक्रीच्या वेळी वाणाचे नाव लिहिलेली चिठ्ठी आणि पावती.
४) मातृवृक्ष व रोपे यांवरील कीड-रोगांच्या नियंत्रणाची नोंद.

वरील वह्या अर्ज करण्याच्या आदल्या दिवशी लिहून होत नाहीत. एक-दोन हंगामांच्या खऱ्या नोंदी असल्यास तपासणी अधिकारी व बँक या दोघांचाही विश्वास बसतो.

पाण्याचा हिशोब

बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मि.मी.च्या आसपास असला तरी त्याचा भरवसा नाही. २०१५ व २०१८ या वर्षांचा दुष्काळ आपण अनुभवला आहे. मोठी झाडे एखादा उन्हाळा सोसतात, पिशवीतील रोप आठवडाभरही सोसत नाही.

एका पिशवीस दररोज अर्धा लिटर पाणी धरल्यास ३६,००० पिशव्यांना रोज १८,००० लिटर लागेल. मार्च ते मे या ९२ दिवसांत ही गरज सुमारे १,६५६ घनमीटर होते. ३० × ३० × ३ मीटरच्या शेततळ्यात (बाजूचा उतार १:१) सुमारे २,१९६ घनमीटर पाणी मावते. पाण्याचा पृष्ठभाग सरासरी ७०० चौरस मीटर आणि बाष्पीभवन रोज साडेसात मि.मी. धरले तर तीन महिन्यांत ४८० घनमीटरहून अधिक पाणी उडून जाते. उरते सुमारे १,७१३ घनमीटर. म्हणजे शेततळे १ मार्चला काठोकाठ भरलेले आणि प्लॅस्टिक अस्तरीकरण केलेले असेल तरच पाणी जेमतेम पुरते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, प्रस्तावात विहीर किंवा कूपनलिका दाखविताना तिचे मे महिन्यातील पाणी मोजावे, पावसाळ्यातील नव्हे. दुसरी, उन्हाळ्यात एकाच वेळी दोन तुकड्या सांभाळू नयेत. सीताफळाचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवावे व पेरणी जूनमध्ये करावी. उगवणीस महिना-दीड महिना लागतो. पुढील फेब्रुवारी-मार्चमध्ये पेन्सिलच्या जाडीच्या खुंटरोपांवर पाचर कलम करावे. सीताफळाचा डोळा पानाच्या देठाखाली झाकलेला असतो, म्हणून काडीवर पाने असल्यास काडी कापण्यापूर्वी ७ ते १० दिवस ती देठ ठेवून छाटावीत. बारीक राहिलेली खुंटरोपे ओढून-ताणून बांधू नयेत. पाण्याची सोय असेल तेवढीच पुढील हंगामासाठी ठेवावीत.

अनुदान शेवटी येते

या योजनेतील अनुदान बँक कर्जाशी निगडित असते व ते प्रकल्प उभा राहून तपासणी झाल्यावर कर्जखात्याकडे जमा होते. सुरुवातीचा सर्व पैसा स्वतःचा आणि बँकेचा असतो. उदाहरणार्थ, १५ लाखांच्या प्रकल्पात स्वतःचा हिस्सा २५ टक्के म्हणजे ३ लाख ७५ हजार व कर्ज ११ लाख २५ हजार रुपये धरू. व्याज ११ टक्के धरल्यास वर्षाला १,२३,७५० रुपये होतात. मार्चमध्ये कर्ज उचलून शेडनेट व पिशव्यांची तयारी केली, जूनमध्ये बी पेरले, पुढील मार्चपर्यंत कलमे केली, तर विक्री त्यानंतरच्या जून-जुलैत सुरू होते. या १६ महिन्यांचे व्याज १ लाख ६५ हजार रुपये होते आणि तोपर्यंत एकही कलम विकलेले नसते.

म्हणून कर्ज एकदम न उचलता कामाच्या टप्प्याप्रमाणे उचलावे आणि मुद्दलाच्या हप्त्याला किमान १८ महिन्यांची सवलत मिळावी अशी विनंती प्रस्तावातच करावी. अनुदान उशिरा आले तरी घर व शेती चालू शकेल का, हा प्रश्न कुटुंबात बसून आधी सोडवावा. उत्तर नकारार्थी असेल तर एक हेक्टरऐवजी आहे त्या रोपवाटिकेत थोडी-थोडी वाढ करणे शहाणपणाचे ठरेल.

अर्जाचा क्रम

१) जमिनीचा ७/१२ व ८-अ अद्ययावत करून घ्यावा. सामाईक क्षेत्र असल्यास सहहिस्सेदारांचे संमतीपत्र घ्यावे.
२) माती व पाणी परीक्षण करून घ्यावे. कृषी विज्ञान केंद्र, खामगाव (ता. गेवराई) किंवा दिघोळअंबा (ता. अंबाजोगाई) येथे मार्गदर्शन घ्यावे.
३) रोपवाटिका परवाना, मातृवृक्षांचा नकाशा, साहित्याची दरपत्रके व वर्षनिहाय उत्पन्न-खर्च यांसह प्रकल्प अहवाल तयार करावा.
४) बँकेशी प्रथम बोलावे. कर्ज नाकारले गेल्यास अनुदानाचा अर्ज निरुपयोगी ठरतो.
५) अर्ज कोणत्या मार्गाने करावयाचा हे तालुका कृषी कार्यालयातून समजून घ्यावे. महाडीबीटीवरील योजनांसाठी २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक लागतो. आधारशी जोडलेले बँक खाते असावे.
६) पूर्वसंमती पत्र हाती येईपर्यंत खरेदी व बांधकाम सुरू करू नये. पूर्वसंमतीपूर्वी केलेला खर्च अनुदानास धरला जात नाही.
७) सर्व खरेदी पक्क्या बिलाने व बँकेमार्फत करावी. कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत.

समारोप

केंद्र शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटी रुपयांचा स्वच्छ रोपे कार्यक्रम मंजूर केला. त्यात महाराष्ट्रात पुणे, नागपूर व सोलापूर येथे द्राक्ष, संत्रा व डाळिंब या पिकांची केंद्रे ठरली आहेत. सीताफळ आज त्यात नसले तरी पुढची दिशा स्पष्ट आहे. यापुढे मदत रोपांच्या संख्येपेक्षा रोपांच्या खात्रीला मिळेल. ज्या रोपवाटिकेत मातृवृक्षास क्रमांक आहे, काडीची नोंद आहे आणि मे महिन्यात पाणी आहे, ती रोपवाटिका अनुदानास पात्र ठरेलच, आणि अनुदान लांबले तरी ग्राहकाच्या विश्वासावर उभी राहील. मांजरसुंब्याच्या परिसरातील शेतकरी बंधू-भगिनींनी या क्रमानेच विस्ताराची पावले टाकावीत.